आधी ब्लूगिल, मग बास: शिकागोजवळच्या तळ्यावर फ्लाय फिशिंगचा पहिला दिवस

वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या माणसाला गरवणं वेगळं शिकवावं लागत नाही. तंगूस, शिशाचा तुकडा, गरीला कोळंबी नाहीतर गांडूळ. हात फिरवून भिरकावलं की शिसं तंगूस ओढत नेतं, आणि मग आपण वाट बघत बसायचं. शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहायला आल्यावर पहिल्यांदा फ्लाय रॉड हातात आला तेव्हा मीही तसंच भिरकावलं. दोर पायाशी वेटोळं घालून पडला आणि गरी टोपीत रुतली. टोपी नसती तर कानात गेली असती.

मला एक साधी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. फ्लाय म्हणजे गरीवर पिसं, केस, दोरा, फोम बांधून केलेला खोटा किडा. तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून वजन दोराला दिलेलं असतं. प्लास्टिकचा लेप असलेला हा जाड दोर. दोराचा नंबर म्हणजे त्याच्या वजनाचा आकडा, आणि सहा नंबरच्या दोराचे पहिले ३० फूट सुमारे १० ग्रॅम भरतात. आपण फेकायचा तो दोर. फ्लाय नुसती त्याच्या शेपटाला धरून जाते.

हा लेख शिकागोच्या वायव्य उपनगरांतल्या बसी लेकला धरून लिहिला आहे, कारण माझं शिक्षण तिथे झालं. सॉल्ट क्रीकला बांध घालून केलेलं हे तळं. शेजारी हिगिन्स रोडला लागून कुंपणात एल्क या थोराड हरणांचा कळप, डोक्यावरून ओहेर विमानतळाची विमानं. पण अमेरिकेच्या पूर्वेला आणि मध्य भागात जिथे जिथे उथळ, कोमट, शेवाळाचं तळं आहे, तिथे यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

बास सोडा, आधी ब्लूगिल

नवा माणूस तळ्यावर जातो तो लार्जमाउथ बास या मोठ्या तोंडाच्या शिकारी माशाची स्वप्नं बघत. टीव्हीवर, दुकानाच्या भिंतीवर, टीशर्टवर सगळीकडे तोच. माझा आग्रह आहे की पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बासचं नाव काढू नका. तळहाताएवढा ब्लूगिल धरा. तो काठाजवळ असतो, थव्यानं असतो, दिवसभर खातो, आणि तुमची दहावी चूकही पोटात घालतो. बासला एक चूक पुरते.

तसे दोघे एकाच घराण्यातले. इथे ज्याला सनफिश म्हणतात त्या कुळात ब्लूगिल येतो आणि बासही. भाऊबंदकी मात्र एकतर्फी आहे, कारण बासचं आवडतं खाणं म्हणजे ब्लूगिल. लार्जमाउथचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा. तो १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी केला. २००९ साली जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, आणि त्यांच्या गरीला आमिष होतं जिवंत ब्लूगिल.

तो ब्लूगिल जपानात गेला कसा, हीही शिकागोचीच गोष्ट. १९६० साली अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेले जपानचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल भेट दिले. पुढे ते मासे जपानी तलावांत पसरले आणि त्यांनी तिथल्या माशांची दैना केली. स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक असलेल्या अकिहितोंनी, तोवर ते सम्राट झाले होते, २००७ साली त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तेव्हा एका तळ्यातला मासा बादलीतून नेऊन दुसऱ्या तळ्यात सोडायचा नाही. घरच्या टाकीतला गोल्डफिशसुद्धा नाही.

केव्हा जायचं

मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य. पाणी २१ अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की ब्लूगिल विणीसाठी काठाशी येतात. नर शेपटीनं तळ झाडून बशीएवढे गोल खड्डे करतात, एकाला लागून एक, आणि त्यावर पहारा देतात. उजनीच्या काठावर चिलापीचे खड्डे पाहिले असतील त्यांना हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. बास याच्या थोडं आधी, पाणी १६-१८ अंशांवर असताना विणीचं उरकून घेतो. ब्लूगिलची वीण ऑगस्टपर्यंत टप्प्याटप्प्यानं चालते, त्यामुळे जूनचा मुहूर्त हुकला तरी हात रिकामे राहणार नाहीत.

दिवस निवडताना ऊन-पावसापेक्षा वारा बघा. ताशी दहा मैलांच्या वर वारा असेल तर नवशिक्यानं घरी राहून गाठी माराव्यात.

परवाना

इलिनॉयमध्ये १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. तो राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांत मिळतो. वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो, त्यामुळे फेब्रुवारीत घेऊ नका.

आपल्या लोकांची हमखास होणारी चूक इथे सांगून ठेवतो. मे-जूनमध्ये भारतातून आई-बाबा आलेले असतात. बाबा काठावर खुर्ची टाकून बसतात तोवर ठीक, पण "दे रे जरा, बघू" म्हणत त्यांनी रॉड हातात घेतला की त्यांनाही परवाना हवा. पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचे परवाने मिळतात, तो काढून टाका. जूनमध्ये फादर्स डेच्या सुमारास राज्य काही दिवस सर्वांना विनापरवाना मासे धरू देतं. बाबांना नेमकं तेव्हाच नेलं तर दोन्ही साधतं.

कोणता मासा किती लांबीचा आणि दिवसाला किती ठेवता येतो हे प्रत्येक तळ्याचं वेगळं असतं आणि बदलतं. काठावरची पाटी वाचा. बसी ज्यांत येतं ती कुक काउंटीची वनक्षेत्रं सूर्योदय ते सूर्यास्त उघडी असतात, तेव्हा रात्रीची स्वप्नं बघू नका.

सामान

दुकानातला माणूस तुम्हाला पाच प्रकारचे रॉड दाखवेल. तुम्हाला एकच हवा: नऊ फुटी, सहा नंबरचा, चार तुकड्यांत निघणारा. निव्वळ ब्लूगिलसाठी पाच नंबर जास्त गमतीचा आणि बाससाठी आठ जास्त दणकट. सहा नंबर दोन्ही घरचा पाहुणा. रॉड, रील आणि दोर एकत्र असलेला नवशिक्यांचा संच घ्या. दोर तरंगणारा हवा, वजन पुढच्या टोकाकडे असलेला. रीलवर पैसे उडवू नका, इथे रील म्हणजे दोर गुंडाळून ठेवायची फिरकी.

दोराच्या टोकाला लीडर, म्हणजे निमुळतं होत जाणारं तंगूस, साडेसात फुटी. त्याच्या पुढे टिपेट, तेही बारीक तंगूसच. त्याची जाडी एक्सच्या आकड्यात सांगतात आणि हिशोब उलटा असतो, आकडा मोठा तर तंगूस बारीक. ब्लूगिलला चार एक्स, बासला एक किंवा दोन एक्स. गरीचे नंबरही असेच उलटे.

फ्लाय चारच प्रकारच्या घ्या, पण प्रत्येकी तीन, कारण झाडं त्यांचा वाटा घेतात.

- फोमचा कोळी, रबरी पायांचा, १० नंबर. काळा आणि पिवळा.
- छोटा पॉपर, ८ किंवा १० नंबर. पॉपर म्हणजे तोंडाशी खोलगट असलेला तरंगता तुकडा. ओढला की पाण्यात ‘डुबुक’ करतो.
- वूली बगर, ८ नंबर, काळा किंवा शेवाळी. हा बुडतो. जळू, अळी, छोटा मासा, जे समजायचं ते मासा समजतो.
- मोठा पॉपर, ४ नंबर, बाससाठी. बेडकासारखा दिसेल असा.

याशिवाय गरी सोडवायला चिमटा, तंगूस कापायला नेलकटर, गॉगल आणि टोपी. गॉगल ऐच्छिक नाही. ताशी कितीतरी मैलांनी डोळ्याजवळून गरी जात असते. चष्मा पोलराइज्ड असला तर पाण्यातले ते गोल खड्डेही दिसतात, नाहीतर फक्त आभाळाचं प्रतिबिंब.

घर सोडायच्या आधी चिमट्यानं प्रत्येक गरीचा उलटा काटा दाबून सपाट करून टाका. मासा पटकन सुटतो आणि, मुख्य म्हणजे, तुमचा कानही.

एक गाठ

गाठी पन्नास आहेत, आज एक पुरे. टिपेट गरीच्या डोळ्यातून ओवा, मोकळं टोक मूळ तंगुसाभोवती पाच वेळा पिळा, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला, मग त्यानं जो मोठा फास तयार झाला त्यातून परत काढा. थुंकी लावा. सावकाश ओढा. कोरडी ओढली तर तंगूस तापतं आणि ऐन वेळी तिथेच तुटतं. घरी टीव्हीसमोर वीस वेळा मारा. काठावर डास चावत असताना शिकायची ही गोष्ट नाही.

हिरवळीवर अर्धा तास

तळ्यावर जाण्याआधी घरामागच्या हिरवळीवर किंवा पार्कात सराव करा, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. शेजारी विचारतील. विचारू द्या.

रॉडच्या टोकाबाहेर २५ फूट दोर सरळ पसरून ठेवा. अंगठा मुठीवर वरच्या बाजूला. रॉडचं टोक जमिनीशी. आता सावकाश सुरुवात करून वेग वाढवत रॉड वर आणा आणि कानाच्या जरासा मागे गेला की खट्कन थांबवा. घड्याळाच्या भाषेत, एक वाजता.

इथे थांबायचं.

दोर आत्ता तुमच्या डोक्यावरून मागे उलगडतो आहे. तो पूर्ण उलगडेपर्यंत पुढे हात आणायचा नाही. नव्वद टक्के नवशिके इथेच घाई करतात, कारण मागचं दिसत नाही आणि दिसत नाही त्यावर आपला विश्वास नसतो. चाबकासारखा ‘फट्’ आवाज आला तर समजा घाई झाली. खरी फ्लाय असती तर ती तुटून गेली असती. मान वळवून मागे बघा, त्यात कमीपणा नाही. मी वर्षभर बघत होतो. दोर सरळ झालेला दिसला की मग हात पुढे, पुन्हा वेग वाढवत, आणि दहा वाजता खट्कन थांबा. दोर पुढे उलगडेल आणि हिरवळीवर अलगद पडेल.

ताकद लागत नाही. खांदा दुखला तर तुम्ही चुकीचं करताय. मनगट फार मोडू नका. माझ्या भाच्याला मी रॉडचं बूड शर्टाच्या बाहीत खोचायला लावलं, म्हणजे मनगट आपोआप बांधलं गेलं. २५-३० फूट सरळ पडायला लागलं की पुरे. ब्लूगिल त्याहून लांब नसतोच.

मागे झाडं असतील तर वेगळी युक्ती आहे. दोर पाण्यावर असतानाच रॉड हळूच खांद्यापर्यंत मागे आणा, दोराची कमान रॉडच्या मागे लोंबू द्या, क्षणभर थांबा आणि पुढे झटका द्या. दोर पाण्यावरून चाकासारखा गडगडत जातो. हे हिरवळीवर जमत नाही, पाण्याची पकड लागते.

सकाळ: काठावर

सूर्योदयाला पोहोचा, गाडी लावा, पण लगेच पाण्याकडे धावू नका. पँट मोज्यात खोचा. इथल्या गवतात गोचिड्या असतात आणि त्यांतली हरणावरची जात लाइमचा आजार देते. तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही. मग पाच मिनिटं नुसतं पाणी बघा. पाणकणसाच्या कडेला हलकी वर्तुळं उठतात का, ‘चुटुक्’ असा मुका घेतल्यासारखा आवाज येतो का. तो ब्लूगिल. वरचा किडा तो असाच चोखून घेतो.

जागा निवडताना तीन गोष्टी: मागे मोकळं, वारा डाव्या खांद्यावरून येणारा (उजव्या हातानं फेकणाऱ्यांसाठी, म्हणजे फ्लाय अंगापासून लांब राहते), आणि मागून सायकलचा रस्ता जात नसलेला. बसीभोवती सायकलवाले भरपूर. प्रत्येक वेळी फेकण्याआधी मागे बघा.

ओढून घेतलेला दोर पायाशी पडतो आणि गवतात, बुटाच्या नाडीत, हंसांच्या शिटेत अडकतो. डॉलर दुकानातलं छोटं प्लास्टिकचं टोपलं पट्ट्यानं कमरेला बांधा आणि दोर त्यात पडू द्या. वेडगळ दिसतं. पण कामाचं आहे.

ब्लूगिल

फोमचा कोळी बांधा. काठाला समांतर, पाण्यात दहा-पंधरा फुटांवर, शेवाळाच्या कडेला टाका. आणि पुन्हा थांबा. फ्लाय पडल्यावर जी वर्तुळं उठतात ती विरेपर्यंत काही करायचं नाही. ब्लूगिल खालून येतो, फ्लायपासून वीतभर अंतरावर स्थिर राहतो आणि भाजीबाजारातल्या आजीसारखा माल न्याहाळतो. फार हलवली तर तो निघून जातो. वर्तुळं विरली की डाव्या हातानं दोर एक इंच ओढा, रबरी पाय थरथरले पाहिजेत एवढंच. पुन्हा थांबा.

घेतली की रॉडचं टोक हलकेच उचला. जोरात उचललंत तर फ्लाय उडून तुमच्याकडे येईल. ब्लूगिलचं तोंड अगदी लहान असतं, पहिल्या तीनांत दोन सुटतात. लागला की तो आपलं चपटं अंग पाण्याला आडवं लावून गोल गोल फिरतो. अर्ध्या पौंडाचा मासा सहा नंबरचा रॉड वाकवतो तेव्हा पहिल्यांदा कोणालाही वाटतं, हा बासच.

वर काही घेत नसेल तर वूली बगर. टाका, बुडू द्या, मनात पाच मोजा, मग हळूहळू ओढा. पुढच्या वेळी आठ मोजा, मग बारा. ज्या आकड्यावर मासा लागला तो लक्षात ठेवा. थवा त्या खोलीवर आहे. लागल्याचं हाताला कळण्याआधी दोराच्या टोकाला दिसतं, ते जरासं सरकतं किंवा थबकतं.

विणीचे खड्डे सापडले तर प्रत्येक फेकीला मासा लागेल, आणि इथे हात आवरायला हवा. खड्ड्यावरचा मोठा नर नेला की पिल्लं उघडी पडतात, आणि वर्षानुवर्षं मोठे नर काढत राहिलं की तळ्यात लहानखुरे ब्लूगिलच उरतात. तिथले चार-पाच धरा, सोडा, पुढे चला.

दुपार

अकरा ते चार मासे खोल पाण्यात किंवा सावलीत जातात. तुम्हीही जा. डबा खा, तुटलेलं टिपेट बदला, हौस असेल तर हंगामात भाड्यानं मिळणारी वल्ह्याची नाव किंवा कायाक घ्या. नावांना पेट्रोलचं इंजिन लावायला इथे बंदी असल्यानं पाणी शांत असतं. नावेत लाइफ जॅकेट घालूनच ठेवा.

ढग गडगडले तर रॉड खाली ठेवून गाडीत बसा. रॉड ग्रॅफाइटचा असतो आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. नऊ फुटी तार हातात घेऊन मोकळ्या काठावर उभं राहण्यासारखं आहे ते.

संध्याकाळ: आता बास

ऊन कललं की मोठा पॉपर बांधा, टिपेट जाड. बास आता उथळात येतो. पडलेलं झाड, कमळाच्या पानांची कड, पाणकणसातली खोबण. जिथे लपून झडप घालता येईल तिथे तो असतो. पॉपर जड आणि हवेत अडणारा आहे, तेव्हा मागचा थांबा सकाळपेक्षा थोडा लांबवा.

पॉपर पडला. वर्तुळं विरू द्या. मला हे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खिशातलं पाकीट काढून, उघडून, पुन्हा खिशात ठेवायला सांगितलं होतं, तेवढा वेळ. मग रॉडचं टोक पाण्याला टेकवून, सरळ पॉपरकडे रोखून, डाव्या हातानं दोराला एक झटका. ‘डुबुक’. थांबा. पुन्हा ‘डुबुक’. बऱ्याचदा बास थांबलेल्या पॉपरलाच मारतो.

मारतो तेव्हा पाणी फुटतं आणि तुमची छाती धडधडते, आणि याच क्षणी सगळे रॉड वर उचलतात. पॉपर त्याच्या तोंडातून निघून येतो. माझे पहिले चार असेच गेले, चौथ्यानंतर मी मराठीत जे बोललो ते शेजारच्या अमेरिकन आजोबांनाही समजलं असावं. तेव्हा: रॉड खालीच ठेवा. दोर हाताला जड लागला की डाव्या हातानं लांब, कचकून ओढा. मग रॉड उचला. तो झाडाच्या मुळांकडे पळेल, आडवा रॉड धरून त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवा. तंगूस सैल पडू द्यायचं नाही, विशेषतः तो हवेत उडी मारून डोकं झाडतो तेव्हा.

हातात

आधी हात ओला करा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच माशाचं रोगांपासून रक्षण करतो. ब्लूगिलच्या पाठीचे काटे टोचतात. तळवा डोक्याकडून शेपटीकडे फिरवा म्हणजे काटे आडवे होतात, मग मूठ धरा. बासचं वेगळं: त्याचा खालचा ओठ अंगठा आणि बोटात पकडा. दात कानशीसारखे खरखरीत असतात, चावत नाही. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसत्या जबड्यावर लटकवू नका. फोटो एकच.

गरी खोल गिळली असेल तर उकरू नका. तंगूस जवळून कापून सोडा.

बास मी सोडतो. मोठ्या शिकारी माशात पारा साठत जातो, आणि राज्य त्याबद्दल सूचनाही काढतं, गरोदर बायका आणि मुलांसाठी जास्त कडक. ब्लूगिल मात्र, नियमात बसत असतील तर, पाच-सहा ठेवायला हरकत नाही, मधल्या आकाराचे. लगेच बर्फात. घरी खवले काढून, डोकं-आतडं काढून, दोन्ही बाजूंना चिरा द्या. मीठ, हळद, तिखट, आगळ लावून अर्धा तास. तांदळाचं पीठ आणि रवा समान, तव्यावर तेल जरा सढळ. काटे आहेत, पण ज्यांनी लहानपणी मुडदुशा खाल्ल्या त्यांनी तक्रार करू नये.

सूर्यास्ताआधी पार्किंगमधून गाडी बाहेर हवी. निघताना बुटांना, टोपल्याला चिकटलेलं शेवाळ तिथेच झटका आणि तुटलेलं तंगूस खिशात घाला. पक्ष्यांच्या पायात ते फासासारखं बसतं. घरी गेल्यावर फ्लायचा डबा उघडा ठेवा, ओल्या फ्लाय बंद डब्यात एका रात्रीत गंजतात. मी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून ठेवतो. बायको विचारते, हे झुरळ कसलं. ते झुरळ पुढच्या शनिवारचं.